थोरल्यात माणसं कमी बसत्यात

सिद्रामअण्णांना कुणी नुसतं विचारायचा अवकाश, की या दोन्हींतला कुठला कॅमेरा चांगला, आणि माझ्या दुकानातली एक खुर्ची तासाभरासाठी गेलीच म्हणून समजायचं. विचारणारा बिचारा लग्नाची तारीख सांगायला आलेला असायचा. फोटो चांगले येतील ना, एवढीच त्याची शंका. अण्णा त्याला बसवायचे, दोन्ही कॅमेरे काउंटरवर शेजारी शेजारी मांडायचे आणि म्हणायचे, "आता बगा. हा थोरला. आन् ह्यो धाकटा." पुढं त्या माणसाची सुटका नसायची.

रहिमतपुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. अण्णांचा स्टुडिओ माझ्या भिंतीला लागून. स्टुडिओ म्हणजे एक खोली, निळा पडदा, आरसा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा आणि ओळखपत्राच्या फोटोसाठी खिळ्याला अडकवलेला एक काळा कोट. तो कोट घालून या भागातली किती पोरं नोकरीला लागली आणि किती तशीच राहिली, ते अण्णाच जाणोत. लग्नाचे फोटो ते काढायचे, अल्बम मी करायचे. कार्ड माझ्या टेबलावर टाकलं की त्यांच्या लेखी काम संपलं. फोटो निवडणं, रंग सुधारणं, पानं लावणं हे सगळं माझं. पूर्ण अल्बम बांधून आला की ते एकदा चाळायचे, बोटानं कडा दाबून बघायचे आणि गिऱ्हाइकाला बोलावणं धाडायचे.

दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे आणि दोन्ही जुन्या बाजारातले. थोरला कराडच्या एका फोटोग्राफरकडून आलेला, धाकटा त्याच्यानंतर चार वर्षांनी सांगलीहून. आमच्या हाती आले तेव्हाच ते जुने होते. आजच्या पोरांच्या भाषेत दोन्ही भंगार. थोरल्याचे पिक्सेल कमी, मागचा स्क्रीन आगपेटीएवढा, कार्ड बिस्किटाएवढं मोठं, आणि उजेड जरा कमी झाला की फोटोत रव्यासारखे दाणे यायचे. पण उन्हात त्याचा हात कुणी धरायचा नाही. हळद हळदीसारखी दिसायची, माणसाच्या कातडीचा रंग माणसाचाच यायचा. धाकटा याच्या उलट. मांडवातल्या मिणमिणत्या उजेडातही तो फोटो स्वच्छ काढायचा, फोकस पटकन धरायचा, पण त्याची हळद लिंबाकडं झुकायची आणि लाल शालूच्या घड्या एकमेकीत मिसळून सगळा शालू एकसारखा लाल व्हायचा. म्हणून अण्णांचा नियम ठरलेला होता: हळदीला थोरला, अक्षतांना धाकटा.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. बाजाराच्या दिवशी सकाळी दुकानापुढं स्टूल मांडून त्यावर ते पांढरा टॉवेल टाकायचे. टॉवेलवर पितळेचा तांब्या, एक लिंबू आणि चार हिरव्या बांगड्या. बांगड्या त्यांच्या बायकोच्या, ती गेल्यानंतर राहिलेल्या. मग थोरल्यानं एक, धाकट्यानं एक असे फोटो काढून मला त्यांचे प्रिंट काढायला लावायचे आणि पत्त्यांसारखे पिसून विचारायचे, "वळखा, थोरला कंचा?" मी वर्षभर अंदाजपंचे सांगत होते. बरोबर आलं की ताईची नजर तयार झाली म्हणायचे. चुकलं की रात्री झोप झाली नाही का, अशी चौकशी करायचे. पुढं पुढं मला खरंच ओळखू येऊ लागलं आणि तेव्हा मला आनंद झाला, हे कबूल करते. आमचे हे फौजेतून निवृत्त होऊन शेती बघतात. ते एकदा म्हणाले, "अण्णा, एक विकून टाका म्हंजे मिटलं भांडान." अण्णा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

अण्णा मूळचे जतकडचे, मेंढपाळाच्या घरातले. वडलांचा कळप दर वर्षी आमच्या बाजूला यायचा, त्यातच कधीतरी ते इथं शिकायला राहिले आणि इथलेच झाले. बोलताना मधूनच एखादा कानडी शब्द यायचा. अंगानं काटक, डोक्याला सदैव पांढरी टोपी, आणि चालताना दोन्ही खांद्यांवर एकेक कॅमेरा. मेंढरं राखण्याशी फोटोचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर त्यांनी मला मोजणी समजावून सांगितली. कळप मोजताना एकेक मेंढरू मोजायचं नसतं, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायची असते. कमी असलं की आपोआप टोचतं. ग्रुप फोटो काढताना ते तेच करायचे. पन्नास माणसं पायऱ्यांवर उभी केली, कॅमेरा डोळ्याला लावला की तिथूनच म्हणायचे, "एकूणपन्नास हायती. कोण ऱ्हायलंय?" आणि खरंच कुणीतरी चपला शोधत मागं राहिलेलं असायचं. लग्नघरातल्या लोकांना ही जादू वाटायची.

त्यांची आणखी एक खोड होती. प्रत्येक लग्नात ते म्हातारी माणसं हेरायचे. एखादी आजी भिंतीला टेकून बसलेली असली, की तिला उजेडाकडं तोंड करून बसवायचं, पदर नीट करायला लावायचा आणि एकटीचा एक फोटो काढायचा. तो अल्बमात घालायचा नाही. गावाच्या नावाचं फोल्डर करून माझ्या कॉम्प्युटरवर ठेवायचा. वर्षा-दोन वर्षांनी घरचे लोक रडवेल्या तोंडानं यायचे, मोबाइलमधला कुठल्या तरी वाढदिवसातला कापलेला फोटो घेऊन, की याच्यातली आजी मोठी करून द्या. अण्णा मला म्हणायचे, "ताई, वाठारचं फोल्डर उगडा." आणि आजी स्वच्छ उजेडात, पदर सारखा करून, स्क्रीनवर यायची. त्या फोटोचे पैसे त्यांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

आता जरा कॅमेऱ्याच्या खिडकीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच घडलं. डोळा लावायची जी छोटी खिडकी असते, तिच्याशेजारी हरभऱ्याएवढं एक चाक असतं. चष्म्याच्या नंबरासारखं ते फिरवून आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायचं. थोरल्याचं चाक अण्णांनी आपल्या उजव्या डोळ्याला जुळवलं आणि वरून चिकटपट्टी लावून टाकली, कुणी फिरवू नये म्हणून. धाकट्याचं चाक मात्र आलं तेव्हाच अडकलेलं. आधीच्या मालकानं कुठल्या तरी जत्रेत वाळू जाऊ दिली होती. ते जिथं अडकलं होतं तिथं अण्णांच्या उजव्या डोळ्याला धूसर दिसायचं आणि डाव्याला लख्ख. दुरुस्तीला टाकायचं सोडून अण्णांनी सवयच बदलली. थोरला उजव्या डोळ्याला, धाकटा डाव्या डोळ्याला. इतकी वर्षं लग्नात दोन्ही खांद्यांवरचे कॅमेरे आळीपाळीनं उचलताना त्यांचं डोकं एकदा इकडं कलायचं, एकदा तिकडं. बायका त्याची नक्कल करायच्या, मीही केली आहे.

अण्णांची पहिली तक्रार आली ती शिरवळहून आल्यावर. तिथल्या एका कारखान्यात कामगारांचा ग्रुप फोटो होता. अण्णांनी सगळ्यांना चार रांगांत उभं केलं, थोरला डोळ्याला लावला आणि सांगितलं, की तिघं कमी आहेत. तिथला साहेब यादी घेऊन उभा होता, तो म्हणाला सगळे आलेत. अण्णांनी परत मोजलं, परत तिघं कमी. शेवटी धाकटा डाव्या डोळ्याला लावला तर आकडा बरोबर. साहेब हसला असावा. संध्याकाळी अण्णा माझ्या दुकानात येऊन बसले, चहा तसाच ठेवला आणि थोरला पुढं सरकवून म्हणाले, "ताई, ह्यो बिगाडला. थोरल्यात माणसं कमी बसत्यात."

मी खिडकीला डोळा लावून बघितलं. मला सगळं दिसत होतं, पण मी चष्मेवाली आणि फोटोग्राफर नव्हे, त्यामुळं माझं मत अण्णांनी विचारात घेतलं नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं खिडकीच्या कडेला अंधार यायला लागला होता, बुरशी धरली असणार. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या काचांना बुरशी धरते, हे मलाही माहीत होतं. मग तुलना पुन्हा सुरू झाली, पण आता रंगांची नव्हे. ते दुकानाच्या दारात उभे राहून समोरच्या किराणा दुकानाची पाटी एकदा थोरल्यातून बघायचे, एकदा धाकट्यातून. "धाकट्यात पाटी सगळी दिसतीया. थोरल्यात डावीकडचं एक अक्षार न्हाई." असं महिनोन्महिने चाललं. कधी एक अक्षर, कधी दोन.

आता माझ्याबद्दल बोलणं भाग आहे. शिरवळच्याही आधीपासून उन्हात थोरल्यानं काढलेल्या ग्रुप फोटोंत डावीकडचा शेवटचा माणूस अर्धा यायला लागला होता. पहिल्यांदा आला तो नवरीचा मोठा चुलता, लग्नासाठी काश्मीरहून सुट्टी काढून आलेला. एक खांदा, एक कान आणि अर्धी मिशी. एवढ्या लांबून आलेला माणूस अर्धा दाखवायचा कसा, म्हणून मी दुसऱ्या फोटोतून तो कापून घेतला, उजेड जुळवला आणि रांगेत नीट बसवला. सगळी दुपार त्यात गेली. अल्बम गेला, कुणाला कळलं नाही, अण्णांनाही नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं. नंतरच्या लग्नात एक मावशी अर्धी आली, तिलाही बसवली. मग ते नेहमीचंच झालं.

अण्णांना सांगितलं का नाही, हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे, की उत्तरं पाठ झाली आहेत. त्यांना वाईट वाटेल, हे एक. ग्रुप फोटोतला त्यांचा लौकिक, आणि मी कुठल्या तोंडानं सांगू की तुमची माणसं तुटताहेत? दुसरं, थोरल्याची खिडकी बिघडली असं ते स्वतःच म्हणत होते. फोटो तुटत होते तेही थोरल्याचेच. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा, आणि कॅमेरा दुरुस्तीला जाणारच होता, मग उगाच कशाला बोला. आणि तिसरं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं: मला त्यात थोडा तोरा वाटत होता. एवढा नावाजलेला माणूस, आणि त्याचं काम मी सावरून घेते आहे. ह्यांना एकदा बोलता बोलता सांगितलं तर हे म्हणाले, "त्यांना सांग की." मी म्हणाले सांगते. आणि सांगितलं नाही.

सांगलीत कॅमेरे दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा आहेत. जिन्याखालची जागा, टेबलावर दिवा, आणि बशीत तिळाएवढे स्क्रू. थोरला त्यांच्याकडं दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा त्यांनी काचा पुसून दिल्या. दुसऱ्यांदा आतली, जिच्यावर चित्र दिसतं ती काच नवी घातली. दोन्ही वेळा अण्णा परत आले, दारात उभे राहिले, पाटी बघितली आणि मान हलवली. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मलाही सांगलीहून फोटोचा कागद आणायचा होता, म्हणून मी बरोबर गेले. त्यांच्या पिशवीत दोन्ही कॅमेरे होते आणि एक नवा अल्बम, गिऱ्हाइकाकडं जायचा राहिलेला. तो कशाला घेतलाय, ते मी विचारलं नाही.

चाचांनी थोरला दिव्याखाली धरला, उलटापालटा करून बघितला आणि सरळ सांगितलं, की यात काही नाही, मी तुमचे पैसे घेणार नाही. अण्णा चिडले. मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हे तो, पण त्या दिवशी आवाज चढला. काम नीट न करता माघारी पाठवता, असं काहीबाही बोलले. चाचा शांतपणे म्हणाले, "अण्णा, राग नका धरू. एकदा डोळं दाखवून घ्या."

तेव्हा अण्णांनी पिशवीतून अल्बम काढला, टेबलावर उघडला आणि ग्रुप फोटोचं पान पुढं केलं.

"ह्यो थोरल्यानं काढल्याला फोटू हाय. माज्या नजरंत खोट असती तर कडंचा माणूस तुटला असता का न्हाई? दावा एक तुटल्याला. माजा अंदाज शाबूत हाय म्हणून तर बिनदिसता बी बरोबर येतोय."

चाचांनी भिंग घेऊन फोटो बघितला. डाव्या कडेला निळ्या शर्टातला एक माणूस उभा होता, पूर्ण, पायातल्या चपलांसकट. त्याचा डावा हात मी आधीच्या आठवड्यात दुसऱ्या फोटोतून आणून लावला होता. चाचा म्हणाले, फोटो तर बरोबर आहे. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, साक्षीदाराकडं बघावं तसं. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि चहा मागवू का, असं विचारलं.

चाचांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, आलाच आहात तर धाकट्याचं अडकलेलं चाक मोकळं करून देतो, कित्येक वर्षं राहिलंय. अर्ध्या तासात त्यांनी चार स्क्रू काढले, ब्रशनं वाळू झटकली, तेलाचा एक थेंब सोडला आणि चाक फिरायला लागलं. धाकटा अण्णांच्या हातात देऊन म्हणाले, "आता उजव्या डोळ्याला लावा आन् जुळवून बघा." अण्णांनी धाकटा उजव्या डोळ्याला लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चाक फिरवलं, थांबले, परत फिरवलं. रस्त्यापलीकडं एका औषधाच्या दुकानाची लांबलचक पाटी होती, तिच्याकडं बघत राहिले. मग धाकटा खाली ठेवला, थोरल्याची चिकटपट्टी नखानं काढली, चाक फिरवून तो डाव्या डोळ्याला लावला. किती वेळ उभे होते, मला सांगता येणार नाही. चाचांनी दिवा बंद केला.

अण्णांनी दोन्ही कॅमेरे पिशवीत ठेवले. "दोन्ही क्यामेरं बरं हायती," ते म्हणाले.

आम्ही तिथून तसेच मिरजेला गेलो, डोळ्यांच्या दवाखान्यात. दोन दिवस तपासण्या चालल्या. काचबिंदू निघाला. दुखत नाही, खुपत नाही, एक डोळा अधू होत गेला तर दुसरा सांभाळून घेतो आणि माणसाला पत्ता लागत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. उजवा बराचसा गेला होता, डाव्यात सुरुवात झाली होती. गेलेलं परत येत नाही. थेंब घालायचे, जन्मभर, आणि असलेलं टिकतंय का ते बघायचं. अण्णांनी विचारलं, चष्म्यानं होईल का? नाही. ऑपरेशननं? आहे ते टिकवण्यासाठी, गेलेलं आणण्यासाठी नाही. मग मीच विचारलं, की आधी आलो असतो तर. बाई म्हणाल्या, दीड वर्षापूर्वी आला असतात तर उजवा एवढा गेला नसता. दीड वर्षापूर्वी मी त्या सुट्टीवर आलेल्या चुलत्याची मिशी जुळवत होते.

तपासणीत प्रत्येक डोळ्याचा एक कागद मिळतो. त्यावर गोल नकाशा, दिसतं तिथं पांढरा, दिसत नाही तिथं काळा. अण्णांनी रहिमतपूरला आल्यावर ते दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, कडेला कडा लावून, कॅमेऱ्यांचे प्रिंट ठेवायचे तसे. बराच वेळ बघितलं. उजव्याच्या काळ्या भागावर बोट ठेवून म्हणाले, इथं पाटीतलं अक्षर होतं. मग डाव्याच्या कडेला आलेला लहानसा करडा डाग दाखवला आणि विचारलं, "ह्यो किती दिसात फुडं सरकंल?" मी म्हणाले, थेंब घातले की नाही सरकणार. मला काय माहीत होतं? पण त्यांना तेवढंच ऐकायचं होतं आणि मला तेवढंच बोलता येत होतं.

थेंब ते वेळेवर घालायचे. नेम चुकून थेंब गालावर यायचा, मग सकाळचे थेंब मी घालायला लागले. दर तीन महिन्यांनी मिरजेला जायचं, नवे कागद आणायचे आणि जुन्याशेजारी ठेवून बघायचे. पहिल्या वेळी डावा तसाच होता. त्या दिवशी त्यांनी पेढे आणले. दुसऱ्या वेळी डाग थोडा पसरला होता, थेंब बदलून दिले. तिसऱ्या वेळी आणखी. औषध चालू होतं, पथ्य चालू होतं, जतला देवाला नवस बोलून झालं होतं, आणि कागदावरचा डाग आपल्या गतीनं चालला होता. एखादं माणूस बघता बघता तुमच्यापुढून जावं आणि तुम्हाला त्याला हात लावता येऊ नये, तसं झालं होतं आम्हाला. लग्नांची कामं त्यांनी एकेक करत दुसऱ्यांना दिली. शेवटचं होतं ते बाजारपेठेतल्या एका ओळखीच्या घरचं, तिथंही फक्त हळदीला गेले. थोरला घेऊन, डाव्या डोळ्याला लावून. ग्रुप फोटो काढायला त्यांनी नकार दिला.

मग जतहून पुतण्या आला. स्टुडिओ सोडून अण्णांनी जतला जायचं, कॅमेरे पुतण्याच्या मुलीला द्यायचे, तिला हौस आहे, असं ठरलं. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढवून पुतण्या समोर, रस्त्यापलीकडं एस.टी. स्टँडपाशी थांबला आणि अण्णा माझ्याकडं निरोप घ्यायला आले. नेहमीच्या खुर्चीत बसले. आणि मग इतके महिने गिळलेलं ते माझ्या तोंडून आलं. मी म्हणाले, "अण्णा, माणसं तुटत होती. मी लावत होते."

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मी सगळं सांगितलं. चुलता, मावशी, निळ्या शर्टातला माणूस, चाचांच्या दुकानात मी काय केलं ते. डॉक्टरीणबाई दीड वर्ष म्हणाल्या तेही, जणू ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. बोलताना मला रडू आलं. आणि त्याचाही मला राग आला, कारण रडण्याचा हक्क माझा नव्हता.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या."

मग ते म्हणाले, मूळ फोटो ठेवलेत का? ठेवले होते. ते खुर्ची ओढून स्क्रीनच्या इतक्या जवळ आले, की नाक लागायला आलं, आणि मान वळवून डावा डोळा पुढं केला. मी एकेक फोटो उघडत गेले. आधी मूळ, मग अल्बमातला. अर्धा माणूस, मग पूर्ण माणूस. अर्धी मावशी, मग पूर्ण. ते प्रत्येकावर थांबत होते. मी वाट बघत होते, की आता ओरडतील, निदान उठून जातील. मला ते हवं होतं. निळ्या शर्टाचा फोटो आला तेव्हा त्यांनी त्या लावलेल्या हातावर बोट फिरवलं, खांद्यापासून मनगटापर्यंत, आणि जोड शोधला.

"बेस बसिवलाय," ते म्हणाले. "कुटं कळत न्हाई."

मग गुडघ्यावर हात टेकून उठले, टोपी नीट केली, येतो ताई म्हणाले आणि पायऱ्या उतरले. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले, समोर तर जायचंय.

रस्ता ओलांडायचा होता. दवाखान्यात त्यांना शिकवलं होतं, की नुसते डोळे फिरवायचे नाहीत, सगळी मान फिरवायची. ते कडेला उभे राहिले. मान उजवीकडं नेली, डावीकडं नेली, परत उजवीकडं. ऊस भरलेला एक ट्रॅक्टर गेला, मागून दोन मोटारसायकली गेल्या. रस्ता मोकळा झाला. अण्णा मान फिरवत उभेच होते. परत उजवीकडं, परत डावीकडं. त्या मोकळ्या रस्त्यात त्यांना कुठं काय दिसत होतं किंवा दिसत नव्हतं, देव जाणे. पलीकडं पुतण्याचं लक्ष फोनमध्ये होतं. मी काउंटरवरून दारात आले.

"अण्णा," मी म्हणाले, "मोकळा हाय रस्ता. जावा."

त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मान फिरवायची थांबवली, आणि माझ्या शब्दावर सरळ चालायला लागले.